आजीचे गाणे आणि पोलादी तारा

गतवर्षी मार्गशीर्ष महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना नववीच्या वर्गातील चार मुली व दोन मुलगे आमच्याकडे एक विनंती घेऊन आले. मुलींना धालोतील एक गीत रंगमंचावर म्हणावयाचे होते. मुलांपैकी एकजण इलेक्ट्रिक गिटार वाजविणार होता आणि दुसरा ड्रम. आम्ही क्षणाचाही विचार न करता नकार दिला. आजीचे गाणे आजीच्याच रीतीने म्हटले पाहिजे. त्यात असला गोंगाट मिसळणे म्हणजे तुळशीवृंदावनापुढे फटाक्यांची माळ पेटविण्यासारखे आहे, असे आम्ही बोलून गेलो. (तुळशीच्या लग्नाला आपण फटाके लावतोच, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.) मुले निमूटपणे परतली. त्यांतील एका मुलीने मात्र दाराशी थांबून विचारले, "सर, तुम्ही मेत्सातोल ऐकले आहे का?"

आम्हांला ते एखाद्या औषधाचे नाव वाटले. पुढे काही दिवसांनी, कुतूहलापेक्षा कर्तव्यबुद्धीनेच म्हणा, आम्ही ते ऐकले. आणि पहिल्या खेपेस एका मिनिटात बंद केले. दुसऱ्या खेपेस शेवटपर्यंत ऐकले. तिसऱ्या खेपेपूर्वी थोडे वाचनही केले. परिणामी आमचे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

मेत्सातोल हे एस्टोनिया देशातील एका वादकसंचाचे नाव. बाल्टिक समुद्राच्या काठी, फिनलंडच्या दक्षिणेस व रशियाच्या पश्चिमेस हा देश वसला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या बारा पट आहे; लोकसंख्या मात्र तेरा-चौदा लाख, म्हणजे जवळजवळ गोव्याइतकीच. एस्टोनियन भाषा बोलणारी माणसे साऱ्या जगात अकरा लाखांच्या आसपास. आजूबाजूच्या जर्मन, रशियन किंवा स्वीडिश भाषांशी तिचे नाते नाही. फिनिश ही तिची सख्खी बहीण. या देशाच्या राजधानीत, टालिन शहरात, १९९८ साली हा संच स्थापन झाला. आरंभी तो गिटार व ड्रम यांच्या कर्कश संगीताचा, ज्याला जगात 'मेटल' म्हणतात त्याचाच एक संच होता. १९९९ साली लाउरी अउनापू नावाचा पारंपरिक वाद्ये वाजविणारा तरुण त्यात आला आणि संचाचे रूप पालटले. तोरुपिल्ल म्हणजे पिशवीत हवा भरून वाजविण्याचे वाद्य, कान्नेल म्हणजे मांडीवर ठेवून छेडावयाचे तंतुवाद्य, निरनिराळ्या बासऱ्या, आणि आपल्याकडे ज्याला मोरचंग म्हणतात तसे दातांत धरून वाजवावयाचे वाद्य, ही सारी त्या पोलादी गर्जनेच्या मधोमध येऊन बसली.

नावाचीही एक गोष्ट आहे. एस्टोनियाच्या अरण्यात लांडगे पूर्वापार आहेत, आणि लांडग्याचे खरे नाव घेतले तर तो येतो, अशी तेथील खेडुतांची श्रद्धा होती. म्हणून त्याला नाना टोपणनावे पडली. कोणी त्याला करड्या कोटवाला म्हणे, कोणी झुडपातला विल्यम म्हणे. मेत्सातोल हे असेच एक जुने टोपणनाव. कोकणात व गोव्यात रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात विपरीत काही वाटणार नाही. चार हजार मैलांचे अंतर असेल, पण अंधाराची भीती सर्वत्र एकच.

हा संच युरोपातील मेटलच्या उत्सवांतून वाजला असला, तरी त्या विशिष्ट वर्तुळाबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नाही. याचे एक कारण आमच्या मते त्यांनी स्वतःच ओढवून घेतले आहे: ते आपल्या भाषेत गातात. शेजारच्या फिनलंडमधील आमॉर्फिस नावाच्या संचाने १९९४ साली 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यावर आधारलेली एक तबकडी काढली, ती इंग्रजीत. ती जगभर गेली. मेत्सातोलने तो मार्ग धरला नाही. ज्या भाषेचे श्रोते अवघे अकरा लाख, त्या भाषेत त्यांनी गर्जना केली. अशा निवडीला व्यवहारी माणूस हट्ट म्हणेल. आम्ही स्वतः घरी एक भाषा बोलतो आणि वर्गात दुसरी शिकवितो. दोहोंवर आमचे प्रेम आहे, आणि लहान भाषेत मोठ्याने बोलण्यास किती धैर्य लागते, याची आम्हांला थोडीफार कल्पना आहे.

आता ते गातात काय? त्यांच्या गीतांत तेराव्या-चौदाव्या शतकांतील लढायांच्या आठवणी आहेत. त्या काळी जर्मन व डॅनिश धर्मयोद्ध्यांनी हा प्रदेश जिंकला. १३४३ साली संत जॉर्जच्या रात्री एस्टोनियन शेतकरी उठले, त्यांचा पराभव झाला, आणि १३४६ साली डेन्मार्कच्या राजाने उत्तर एस्टोनियाचा आपला मुलूख सरळ विकून टाकला. गावेच्या गावे, माणसांसकट. २००४ सालच्या त्यांच्या एका तबकडीचे नाव 'हीएकोदा'. त्यातील 'हीस' म्हणजे देवाला वाहिलेले झाडांचे बन, आपल्याकडील देवराईच जणू. २०१९ सालच्या तबकडीच्या नावाचा अर्थ 'महामारी झाली गाडीवान' असा होतो. तेथील लोककथांत महामारी माणसाचे रूप घेऊन गावोगाव हिंडते. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटून देतात. तेथे ती स्वतःच गाडी हाकते, एवढाच फरक.

परंतु विषयापेक्षा महत्त्वाचे आहे ते गाण्याचे वळण. एस्टोनियाच्या जुन्या लोकगीताला रेगिलाउल म्हणतात. त्याची ओळ साधारणपणे आठ अक्षरांची असते. आपल्या लहान अभंगाच्या चरणातही आठच अक्षरे असतात, हे साम्य गमतीचे खरे, पण ते केवळ संख्येपुरते आहे. रेगिलाउलमध्ये शेवटी यमक नसते. शब्दांच्या आरंभीचे वर्ण पुन्हा पुन्हा येतात. पहिली ओळ जे सांगते, तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत सांगते, आणि कधी तिसरीही. एक बाई ओळ म्हणते. ओळीच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांना इतर बायका तिच्या सुरात सूर मिसळतात आणि मग संपूर्ण ओळ पुन्हा म्हणतात. मधे श्वासालाही फट राहत नाही. शेतात कापणी करताना, लग्नात नवरीला सजविताना, गुरे राखताना, मोठ्या लाकडी झोपाळ्यावर झुलताना ही गीते गायिली जात. धालोच्या मांडावर दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची ओळ उचलणाऱ्या आपल्या धालगडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक वर्णनाची आवश्यकता नाही.

ही गीते सुखासुखी टिकलेली नाहीत. अठराव्या शतकात मोरावियन पंथाच्या धर्मोपदेशामुळे एस्टोनियन खेडुतांनी आपणहून तोरुपिल्ल मोडून टाकली आणि जुनी गाणी पाप म्हणून सोडून दिली. त्याच शतकात, १७३६ साली, गोव्यातील इन्क्विझिशनने फर्मान काढून लग्नात ओव्या म्हणण्यास बंदी घातली होती, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? ज्या ओव्या आज वडिलधाऱ्यांच्या कंटाळवाण्या गोष्टींत मोडतात, त्या एके काळी म्हणणाऱ्याला शिक्षेस पात्र ठरवीत होत्या.

यानंतर जे घडले, ते शाळेच्या अंकात सविस्तर सांगावे असे आहे. १८८८ साली याकोब हुर्ट नावाच्या एका धर्मगुरूने वर्तमानपत्रांतून एस्टोनियाच्या मुलांना व मुलींना आवाहन केले: आपल्या गावातील गाणी, कथा, म्हणी, समजुती लिहून काढा व माझ्याकडे पाठवा. हुर्ट स्वतः त्या वेळी सेंट पीटर्सबर्ग येथे राहत असे. लिहिताना सुधारणा करू नका, लोकांच्या तोंडून जसे येईल तसे लिहा, असा त्याचा आग्रह होता. सुमारे चौदाशे माणसांनी त्याला लिखाण पाठविले. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते आणि खेडेगावांतील शाळामास्तर पुष्कळ होते. १९०७ साली हुर्ट वारला, तेव्हा त्याच्या संग्रहाची पाने एक लाखाच्या वर गेली होती. टार्टू शहरात ती आजही जपून ठेवलेली आहेत. जर्मन जमीनदार गेले, झार गेला, दोन महायुद्धे झाली, १९४४ ते १९९१ अशी सोव्हिएत सत्ता आली आणि गेली. वह्या मात्र राहिल्या. पगार तुटपुंजा, थंडी हाडे गोठविणारी, आणि दिवसभर मुलांना बाराखडी शिकवून संध्याकाळी एखाद्या म्हातारीच्या चुलीपाशी बसून गाणी उतरविणारा तो अनामिक मास्तर आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही बारा वर्षे या पेशात आहोत. आम्ही एकही गाणे उतरविलेले नाही. मुलांना मात्र आजीच्या रीतीचा दाखला दिला.

येथे आमच्या जुन्या मताचा कैवारी विचारील, की हुर्टने जे जसेच्या तसे जपले, त्यावर गिटार घालणारे हे कोण? प्रश्न रास्त आहे. पण थोडे मागे जाऊन पाहावे. हुर्टच्याही आधी, १८५७ ते १८६१ या काळात, क्रॉइट्स्वाल्ड नावाच्या डॉक्टराने 'कालेविपोएग' हे एस्टोनियन महाकाव्य प्रसिद्ध केले. त्याच्या सुमारे १९ हजार ओळींपैकी थोड्याच ओळी लोकांच्या तोंडून जशाच्या तशा घेतलेल्या आहेत. बाकी सारी रचना डॉक्टरांची. लोककथेत कवीने हात घातला, म्हणून त्यांच्यावर टीका झालीच. पुढे १८६९ साली टार्टू येथे पहिला गानमहोत्सव भरला. तेथे शेतकऱ्यांचे गट एकत्र गायिले खरे, पण जर्मन पद्धतीच्या चार सुरांत, आणि त्यांतील केवळ दोन गीते एस्टोनियन संगीतकाराची होती. रेगिलाउल त्या वेळच्या सुशिक्षितांना गावंढळ वाटत होते. अशा परक्या वेषात सुरू झालेला तोच महोत्सव पुढे दर पाच वर्षांनी भरू लागला, आणि १९८८ साली लाखो लोक मैदानात जमून गाऊ लागले, तेव्हा त्या चळवळीला 'गाणारी क्रांती' हे नाव पडले. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. वेष परका असला, तरी आतील माणसे आपली होती.

तात्पर्य असे की शुद्ध स्वरूपात ठेवलेले गाणे आणि नव्या वेषात गायिले गेलेले गाणे, ही दोन्ही एस्टोनियात शेजारी शेजारी नांदली. वह्या नसत्या, तर गाणाऱ्यांना घेण्यास काही उरले नसते. गाणारे नसते, तर वह्यांना वाळवी लागली असती.

या दोहोंना जोडणारा जो पुरुष, त्याचे नाव वेल्यो टोर्मिस (१९३० ते २०१७). याने आयुष्यभर जुन्या गीतांवर वृंदगायने रचली. आपण लोकगीत वापरीत नसून लोकगीतच आपल्याला वापरते, असे तो म्हणत असे. त्याची १९७२ सालची 'राउआ नेएद्मिने', म्हणजे 'लोखंडाला शाप', ही रचना विशेष प्रसिद्ध आहे. जुन्या मंत्रविद्येत अशी समजूत होती की ज्या वस्तूचा जन्म ठाऊक असतो, ती वस्तू आपल्या आज्ञेत राहते. विंचू उतरविणाऱ्याचे मंत्र ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे कळेल. म्हणून गायक लोखंडाची जन्मकथा सांगतात, त्याला त्याच्या गरीब दिवसांची आठवण देतात, आणि मग शाप देतात: तू तलवार झालास, आता तोफा, रणगाडे, विमाने झालास. साथीला असतो केवळ एक ओबडधोबड चर्मवाद्याचा ठेका. त्या ठेक्याने अंगावर काटा येतो.

आता पाहा, नियतीने कशी गंमत केली आहे! या शापगीताच्या कर्त्याची रचना घेऊन मेत्सातोलने एस्टोनियाच्या राष्ट्रीय पुरुष-गायकवृंदाबरोबर कार्यक्रम केला, आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संगीताचेच नाव धातूचे, ज्यांच्या तारा पोलादाच्या, ते लोखंडाला शाप देण्यास उभे राहिले. यात ढोंग आहे असे प्रथम आम्हांला वाटले. नंतर आठवले की मेटल हे संगीत इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्मले, आणि त्याच्या आद्य वादकांपैकी टोनी आयोमी या कामगार मुलाच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातच तुटली होती. कृत्रिम टोपणे चढवून तो गिटार वाजवू लागला, आणि तारा सैल लावल्यामुळे तिचा आवाज खर्जात उतरला. लोखंडाने ज्याची बोटे खाल्ली, त्याच्या संगीतातून लोखंडाला शाप दिला जावा, यात विसंगती आहे की औचित्य, हे वाचकांनीच ठरवावे. आमचा कौल औचित्याकडे आहे.

तथापि आम्ही या संचाचे भाट नाही. गेल्या पौषात आम्ही त्या नववीतील मुलीच्या आजीकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. नातीने आपल्या फोनवर तिला मेत्सातोल ऐकविले. तिने कान देऊन ऐकले. आवाज मोठा आहे, पण मागचे लोक ओळ बरोबर उचलतात, असा तिने अभिप्राय दिला. मग पुरुषांचाच आवाज पुन्हा पुन्हा येतो, हे ध्यानात येऊन तिने विचारले, "आनी बायलो खंय गेल्यो?"

आमच्या सर्व वाचनात हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता, याची आम्हांला लाज वाटली. हुर्टच्या वह्यांतील रेगिलाउल बहुतांशी बायकांच्या तोंडचे आहे. अनाथ मुलीचे गाणे, सासरी जाणारीचे गाणे, जमीनदाराच्या शेतावर राबणारीचे गाणे: हा त्या भांडाराचा मोठा हिस्सा. या संचाने त्यातून तलवार, लांडगा आणि रणांगण उचलले, आणि सोबतीला गायकवृंद घेतला तोही पुरुषांचा. गर्जनेला शोभेल तेवढेच घ्यावयाचे, ही त्यांची मर्यादा आहे. तलवारीची गाणी सतत म्हणणाऱ्याला शेजारी शत्रू दिसू लागतो, हाही धोका युरोपातील या जातीच्या संगीतात नाही असे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे अनुकरण करू नये, ते याच बाबतीत.

वाद्यांच्या बाबतीत मात्र करावे. तोरुपिल्लची पिशवी पूर्वी समुद्रकाठी सीलच्या जठराची करीत. जुन्या परंपरेतील शेवटच्या वादकांपैकी आलेक्सांदर माकर हा १९६८ साली वारला, तेव्हा ते वाद्य संपल्यातच जमा होते. १९७०च्या सुमारास ओलेव रोमेत या वादकाने नवी वाद्ये करविली, नवे शिष्य घडविले, आणि ते पुन्हा बोलू लागले. आज त्याला सीलचे जठर लागत नाही. आपल्या घुमटाचेही तसेच. त्यावर घोरपडीचे कातडे असे. घोरपड कायद्याने संरक्षित झाली, तेव्हा घुमट मुके होणार अशी ओरड झाली. मग बकरीचे कातडे आले. नाद थोडा बदलला, हे जाणकार सांगतात आणि ते खरे आहे. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा-वाद्य म्हणून जाहीर केले, ते या नव्या कातड्यासह. कातडे बदललेले चालते, मग शेजारी गिटार बसलेली का चालू नये?

या वर्षी आम्ही त्या मुलांना परवानगी दिली आहे. अटी दोनच घातल्या. गाणे आजीकडून तोंडी शिकावे, कोणत्याही ध्वनिफितीवरून नव्हे. आणि शिकलेले प्रत्येक गाणे, मंचावर येवो वा न येवो, एका वहीत जसेच्या तसे उतरवावे. आतापर्यंत बावीस गाणी उतरली आहेत. त्यांतील तीनांवर आजीने स्वतःच नातीला फुली मारावयास लावली: ती मांडावरच म्हणावयाची, मांड सोडून अन्यत्र नाही. मुलांनी त्यावर वाद घातला नाही. आम्ही मात्र मनात म्हटले की गतवर्षी आमचा नकार सरसकट होता. तिचा नकार तीन गाण्यांपुरता आहे, आणि त्या तीनांचे कारण तिला ठाऊक आहे.

तालमी चालू आहेत. ड्रम वाजविणारा मुलगा आता घुमटही शिकतो. गिटारवाला कुरकुरतो, आजी ओळ संपली तरी श्वास संपेपर्यंत सूर सोडीत नाही, कधी लांबविते, कधी मध्येच तोडते, आणि त्याचा चार मात्रांचा हिशेब दर खेपेस चुकतो. आम्ही त्याला मात्रा मोजणे सोडून तिच्या तोंडाकडे पाहावयास सांगितले आहे.